वर्गातला एक मुलगा आणि न मिळालेले प्रशिक्षण

प्रश्न: दक्षिण नागपुरातील एका अनुदानित शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांच्या वर्गात ४२ मुले आहेत. त्यांतील आठ वर्षांच्या एका मुलाला ऑटिझम असल्याचे खासगी डॉक्टरांनी सांगितले आहे; मात्र 'शिक्का बसेल' या भीतीने घरच्यांनी सरकारी प्रमाणपत्र काढलेले नाही. मुलगा पाढे न अडखळता म्हणतो आणि फळा पुसण्याचे काम दिले की शांत असतो. पण 'वह्या काढा' म्हटल्यावर तो वही काढत नाही, आणि अचानक, विशेषतः खिचडीच्या सुट्टीच्या आधी, किंचाळून स्वतःचे मनगट चावतो. शाळेतल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लाकडी बैलांच्या मुलांच्या पोळ्याला, ढोल वाजू लागताच तो फाटकापर्यंत पळाला. तेव्हापासून मुख्याध्यापक 'तुमच्या जबाबदारीवर ठेवा' असे म्हणतात आणि इतर पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत. शिक्षिका डी.एड. आहेत. समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत एकाच वर्गात शिकवण्याचे, दोन दिवसांचे प्रशिक्षण त्यांना मिळाले, त्यात दिव्यांगत्वाच्या प्रकारांच्या व्याख्या सांगितल्या गेल्या. त्या विचारतात, "मला याचे शिक्षण नाही, म्हणजे मी त्याचे नुकसान तर करत नाही ना? पालकांना विशेष शाळेचा सल्ला द्यावा, की मीच बिनपगारी रजा घेऊन विशेष शिक्षणातले बी.एड. करावे?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन पर्याय विचारले आहेत. त्या मुलाला शिकवू शकणारी व्यक्ती आज तुमच्या वर्गात नाही, हे दोन्ही पर्यायांत तुम्ही धरून चालला आहात. मला ते मान्य नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. तो केव्हा शांत असतो, केव्हा बिथरतो आणि कोणती सूचना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे तुम्ही नेमके लिहिले आहे. एखादा तज्ज्ञ पहिल्या भेटीत हेच प्रश्न विचारतो, आणि त्याची उत्तरे बहुतेक वेळा कोणाकडे तयार नसतात. तुमच्याकडे निरीक्षण आहे. ते मांडण्याची पद्धत आणि सोबतीला जाणकार माणूस, या दोन गोष्टी मात्र नाहीत. पदवी यानंतर येते. म्हणून आधी वर्गाबद्दल लिहितो आणि मग तुमच्या दोन पर्यायांकडे वळतो.

'अचानक' हा शब्द तुम्ही वापरला आहे आणि त्याच वाक्यात 'विशेषतः खिचडीच्या सुट्टीच्या आधी' असेही लिहिले आहे. जे ठरावीक वेळी घडते ते अचानक नसते. एक साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: आधी काय चालले होते, त्याने नेमके काय केले, आणि त्यानंतर आजूबाजूच्यांनी काय केले. विशेष शिक्षक याला एबीसी नोंद म्हणतात. दिवसातून दोन-तीनच नोंदी करा, पण त्यांत मत लिहू नका. 'हट्ट केला' असे न लिहिता 'बाक ढकलला, दोन्ही हात कानांवर ठेवले' असे लिहा. आठ-दहा शाळेचे दिवस झाले की वही एकदा सलग वाचा. व्हरांड्यात खिचडीची भांडी उतरवताना होणारा खणखणाट, बाहेर रांगा लावणाऱ्या वरच्या वर्गांचा गोंगाट, किंवा अर्धवट राहिलेले गणित बंद करण्याची सूचना, यांतले काहीतरी त्या पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा येत असण्याची शक्यता मोठी आहे. तिसरा रकाना लोक सहसा वगळतात, पण तोही तितकाच महत्त्वाचा आहे. मनगट चावल्यावर त्याला दर वेळी बाहेर नेले जात असेल, तर बाहेर जाण्याचा हाच मार्ग तो शिकत राहील. मग बाहेर जायचे आहे हे सांगण्याचा दुसरा मार्ग आपल्याला शिकवावा लागतो: बाकावर ठेवलेले एक कार्ड, जे हातात दिले की पाच मिनिटांची मोकळीक मिळते. सुरुवातीला ते कार्ड त्याने दिले की प्रत्येक वेळी मान्य झालेच पाहिजे, तरच त्याचा त्यावर विश्वास बसेल.

आवाज हे कारण निघाले तर उपाय खर्चाचा नाही. त्याची जागा व्हरांड्यापासून दूरच्या भिंतीकडे हलवा. भांडी येण्याच्या थोडे आधी त्याला एका ठरावीक मित्रासोबत वर्गाची पाण्याची बाटली भरून आणायला पाठवा. आणि दिवसाचे वेळापत्रक चित्रांत करून त्याच्या बाकावर चिकटवा. बाजारातली तयार चित्रे नकोत. तुमच्याच शाळेचा नळ, तुमचाच फळा, तुमचेच मैदान यांचे मोबाइलने काढलेले फोटो छापून घ्या, कारण ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना कुठल्याही नळाच्या चित्रावरून आपला नळ ओळखणे जड जाते. एक तास संपला की त्याने तो फोटो स्वतः उलटा करायचा. पुढे काय येणार हे कळले की भीती बरीच उतरते. तान्ह्या पोळ्याबाबतही हेच करता येईल. आदल्या आठवड्यात त्याच्या हातात लाकडी बैल द्या, ढोलाचा आवाज मोबाइलवर बारीक करून ऐकवा, त्या दिवशी त्याला दाराजवळ बसवा आणि गोंगाट वाढला तर कोणासोबत कोणत्या खोलीत जायचे ते आधीच ठरवून दाखवा. ज्या शहरात त्याच दिवसांत मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक रस्त्यावर येते, तिथे ही तयारी घरच्यांनाही उपयोगी पडेल.

आता वहीबद्दल. 'चला, वह्या काढा आणि फळ्यावरचे लिहून घ्या' ही तुम्हाला एक सूचना वाटते, पण तिच्यात बरीच कामे दडलेली आहेत. सगळ्यांना उद्देशून बोललेले आपल्यालाही लागू आहे हे कळणे, दप्तरातल्या चार सारख्या वह्यांतून एक शोधणे, पान काढणे, पेन्सिल घेणे, मान वर करून शब्द वाचणे, तो डोक्यात धरून मान खाली घालणे आणि योग्य ओळीवर लिहिणे. एका शनिवारी त्याच्याजवळ बसून तो यांतल्या कोणत्या पायरीवर थांबतो एवढेच पाहा. पहिल्या पायरीवर थांबत असेल तर आधी त्याचे नाव घ्या, मग छोटी सूचना द्या आणि मनात पाच अंक मोजून वाट पाहा, कारण लगेच दुसऱ्यांदा सांगितले की पहिले सांगितलेलेही विस्कटते. वही शोधण्यात अडत असेल तर प्रत्येक विषयाच्या वहीला वेगळ्या रंगाचे कव्हर घाला. वर-खाली पाहून उतरवण्यात अडत असेल तर फळ्यावरच्या ओळी कागदावर लिहून त्याच्या बाकावर ठेवा. मदत द्यायची आणि ती हळूहळू काढूनही घ्यायची: आधी हात धरून, मग बोटाने दाखवून, मग नुसते थांबून. मदत काढून घेण्याचा भाग राहून गेला तर मूल काम शिकत नाही, मदतीची वाट पाहायला शिकते.

यातले काहीही करायला पदवी लागत नाही. पण हे सगळे तुम्ही एकट्याने करावे, असे मी म्हणणार नाही. 'तुमच्या जबाबदारीवर' हे मुख्याध्यापकांचे वाक्य कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ ने भेदभाव न करता प्रवेश देण्याची आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करण्याची जबाबदारी शैक्षणिक संस्थेवर टाकली आहे, वर्गशिक्षिकेवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी दर १० आणि त्यापुढील वर्गांसाठी दर १५ विशेष गरजांच्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण मान्य केले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदे मंजूर करण्याचे आदेश दिले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहाच्या पातळीवर, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला आहे. प्रत्यक्ष शाळेत माणूस पोहोचणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे उणीव आहे, हे तुमच्या पत्रावरून दिसतेच. पण मागणी लेखी गेली नाही तर ती उणीव कागदावरही येत नाही.

म्हणून सर्वांत आधी एक गोष्ट तपासा. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतील तुमच्या शाळेच्या माहितीत या मुलाची नोंद विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून आहे का? अनेक शाळांत पालकांना वाईट वाटेल म्हणून किंवा कागदपत्रे नाहीत म्हणून हा रकाना कोरा सोडला जातो, आणि मग त्या मुलापुरती सगळी यंत्रणा अंधारात राहते. समग्र शिक्षा योजनेत, जी २०१८ पासून सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांना लागू आहे, विशेष गरजांच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद साहित्य आणि सेवांसाठी आहे, आणि मुलींना त्याशिवाय १० महिने दरमहा २०० रुपये विद्यावेतन मिळते. नोंदीत नसलेल्या मुलापर्यंत यातले काही पोहोचत नाही. नोंद करण्यापूर्वी पालकांशी बोला, त्यांच्यापासून लपवून मात्र काही करू नका.

मग मुख्याध्यापकांमार्फत शहर साधन केंद्राला, म्हणजे शाळांना शैक्षणिक मदत करणाऱ्या सरकारी केंद्राला, एक पत्र द्या. ग्रामीण भागातल्या वाचकांनी, म्हणजे हिंगणा, कामठी, उमरेड इकडच्या शिक्षकांनी, तेच पत्र पंचायत समितीच्या गट साधन केंद्राला द्यावे. पत्रात 'मार्गदर्शन मिळावे' असे मोघम लिहू नका. विशेष शिक्षकांनी वर्गात येऊन दोन तास बसावे, सोबत जोडलेली नोंदवही पाहावी आणि या विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करण्यास मदत करावी, असे स्पष्ट लिहा. प्रत आणि आवक क्रमांक जपून ठेवा. माझ्या मते प्रशिक्षणाचा सर्वांत उपयोगी प्रकार हाच आहे: जाणकार माणूस तुमच्या वर्गात बसतो, तुम्ही शिकवता, आणि नंतर दोघे मिळून त्या तासाबद्दल बोलता. सभागृहातल्या दोन दिवसांतून २१ प्रकारांची नावे कळतात, पण सोमवारी सकाळी काय करायचे ते कळत नाही, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे आणि ती अभिप्रायाच्या कागदावर याच शब्दांत लिहा.

आराखडा म्हणजे जाडजूड फाइल नव्हे. या सत्रात साधायची तीन उद्दिष्टे पुरे, पण ती मोजता येतील अशी हवीत. 'एकाग्रता वाढेल' हे उद्दिष्ट नाही. 'नाव घेऊन सांगितल्यावर मराठीची वही पाचपैकी चार वेळा स्वतः काढेल' हे उद्दिष्ट आहे. त्यातले एक उद्दिष्ट पालकांकडून येऊ द्या. कदाचित त्याच्या आईला पाढ्यांपेक्षा त्याने स्वतः डबा उघडून खावे हे जास्त महत्त्वाचे वाटत असेल.

शिकण्याचे आणखी मार्ग नागपुरातच आहेत. दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र, ज्याला सगळे सीआरसी म्हणतात, शहरात आहे. तिथे मुलांसाठीच्या सेवांबरोबर शिक्षक आणि पालकांसाठी कोणते कार्यक्रम येत आहेत, याची स्वतः जाऊन चौकशी करा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे तुमच्यासारख्या पाच-सहा शिक्षकांनी मिळून वर्गनिरीक्षणावर आधारलेल्या प्रशिक्षणाची मागणी केली, तर एकट्याच्या पत्रापेक्षा तिला वजन येईल. एखाद्या विशेष शाळेची परवानगी काढून तिथल्या वर्गात एक दिवस नुसते बसा, विशेषतः दिवस सुरू कसा होतो आणि एका कामातून दुसऱ्या कामात मुलांना कसे नेले जाते ते पाहा. 'दीक्षा' या सरकारी मंचावर समावेशित शिक्षणाचे अभ्यासक्रम मोफत आहेत, आणि 'प्रशस्त' हे एनसीईआरटीचे ॲप वर्गशिक्षकाला प्राथमिक पडताळणी करता यावी म्हणूनच बनवले आहे. मात्र प्रशस्तमधून निघते ती शक्यता असते, निदान नसते. ते वाचून पालकांना आजाराचे नाव सांगू नये. शनिवार-रविवारी चालणाऱ्या खासगी प्रमाणपत्र वर्गांना पैसे भरण्यापूर्वी त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का हे पाहा. जिथे ऑटिझम पूर्ण बरा करण्याची हमी दिली जाते, तिथे पालकांना जाऊ देऊ नका.

आता तुमचे दोन पर्याय. विशेष शाळा ही शिक्षा नाही आणि पराभवही नाही. ज्या मुलाला शौचापासून खाण्यापर्यंत सतत हाताशी माणूस लागतो, ज्याला रोज थेरपी हवी आहे, किंवा ज्याला बेचाळीस मुलांच्या वर्गात दिवस काढणे म्हणजे निव्वळ यातना आहे, त्याच्यासाठी ती जास्त चांगली जागा असू शकते. पण तुम्ही वर्णन केलेला मुलगा पाढे म्हणतो, काम दिल्यावर ते पार पाडतो आणि वर्गात बराच वेळ बसतो. त्याच्यासाठी वर्गात काही बदल करून पाहण्याआधीच विशेष शाळेचा विषय काढला, तर पालकांना तो हाकलून देण्याचा मार्ग वाटेल, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक असणार नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या, म्हणजे प्रमाणपत्रानुसार किमान ४० टक्के, ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड कुटुंबाची आहे. शाळेचे काम माहिती देण्याचे आहे, दार दाखवण्याचे नाही. संस्था उद्या पालकांच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारा मदतनीस, ठेवण्याची अट घालील. शाळेच्या जबाबदारीचा खर्च आईवडिलांवर ढकलण्याचा तो प्रकार होईल, त्याला तुम्ही तरी दुजोरा देऊ नका.

पदवीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या मुलासाठी म्हणून ती करू नका. तुम्ही परत याल तेव्हा तो तुमच्या वर्गात नसेल, आणि मधल्या काळात बदली शिक्षकाला त्याच्याबद्दल तुमच्या निम्मेही ठाऊक नसेल. पण वर्षभर हे काम करून झाल्यावरही ओढ टिकली, तर जरूर करा; या क्षेत्राला वर्गातून आलेल्या माणसांची फार गरज आहे. सध्या विशेष शिक्षणातल्या अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे, तेव्हा प्रवेशापूर्वी पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे नियम आणि संस्थेची मान्यता स्वतः तपासा.

पालकांची 'शिक्का बसेल' ही भीती खरी आहे, तिला हसू नका. त्यांना एवढेच सांगा की वर्गात बदल करायला आम्ही प्रमाणपत्राची वाट पाहणार नाही, पण प्रमाणपत्राने काही दारे उघडतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत ऑटिझम असलेल्या व्यक्तीला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. पुढे परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ, गरज असल्यास लेखनिक, अशा सवलतींनाही तेच लागते. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी होते; नागपुरात मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत कोणत्या वारी तपासणी मंडळ बसते ते आधी विचारून जावे, म्हणजे मुलाला घेऊन फुकटची खेप होत नाही. शक्य असेल तर तुमच्या नोंदवहीची प्रत त्यांच्यासोबत द्या, डॉक्टरांना ती उपयोगी पडते.

इतर पालकांच्या तक्रारींना एकेकट्याने उत्तर देत बसू नका. मुख्याध्यापकांनी पालकसभेत शाळेची भूमिका सांगावी, मुलाचे निदान मात्र कुटुंबाच्या परवानगीविना उघड करू नये. कोणाच्या मुलाला खरोखर इजा झाली असेल तर ती तक्रार स्वतंत्रपणे आणि गांभीर्याने ऐका.

शेवटी एक काम एप्रिलसाठी. हा मुलगा पुढच्या वर्षी चौथीत जाईल आणि नवीन बाई, नवीन खोली, नवीन बाक एकाच दिवशी त्याच्यासमोर येतील. विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टीही लांब असते. सुट्टी लागण्यापूर्वी त्याला चौथीच्या खोलीत चार-पाच वेळा नेऊन बसवा, तिथला एखादा फळा पुसू द्या, नव्या बाईंचा आणि खोलीचा फोटो घरी द्या, आणि तुमची नोंदवही, रंगांची योजना आणि कार्डाची पद्धत चौथीच्या शिक्षिकेला तासभर बसून समजावून सांगा. त्या बाईंनाही दोन दिवसांचेच प्रशिक्षण मिळालेले असेल.